उठत नाही, उठवत नाही

चौतीस वर्षं मी शाळेत मराठी शिकवलं. त्यातली बरीच वर्षं नववी-दहावीचं व्याकरण माझ्याकडे होतं आणि मुलांना त्यातला सर्वांत कंटाळवाणा वाटणारा भाग म्हणजे क्रियापदांचे प्रकार. प्रयोजक क्रियापद झालं की शक्य क्रियापद येतं. 'ती चालते' आणि 'तिला चालवतं' यांत फरक काय, असं विचारलं की वर्ग गप्प. मग मी दरवर्षी एकच उदाहरण द्यायचे. आजी तापातून उठलीय. आता तिला थोडा वेळ बसवतं, पण अजून चालवत नाही. पाय आहेत, वाट आहे, देवळापर्यंत जायची इच्छाही आहे, पण चालणं काही तिच्या हातात राहिलेलं नाही. मुलं वहीत लिहून घ्यायची, परीक्षेत दोन मार्क मिळवायची आणि विसरून जायची. मीही त्याहून खोल कधी गेले नव्हते.

मग माझ्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, शाळा उघडायच्या आठवड्यातली ती सकाळ आली. साताऱ्यात जूनचा पाऊस लागलेला. मी भिंतीकडे तोंड करून पडले होते. सगळं ऐकू येत होतं. नळाला पाणी आलं होतं, बादली भरून वाहत होती, शेजारचे स्कूटरला किक मारत होते. उठायचं आणि नळ बंद करायचा, एवढंच काम. अर्धा तास मी त्या एवढ्याशा कामाकडे आतून बघत राहिले. बाहेरच्या खोलीत हे आमच्या मुख्याध्यापकांना फोनवर सांगत होते, "काय झालंय कळत नाही सर, ती उठतच नाहीये." आणि त्या अवस्थेतही माझ्यातल्या मराठीच्या बाईंनी लाल शाईनं दुरुस्ती केली. उठत नाहीये असं नका हो म्हणू. उठवत नाहीये.

एका 'व'चा फरक. घरातल्यांना, शेजाऱ्यांना, ऑफिसातल्या साहेबांना दिसतं ते 'उठत नाही', 'जेवत नाही', 'बोलत नाही', 'कामाला जात नाही'. आतल्या माणसाला कळतं ते 'उठवत नाही', 'जेववत नाही', 'बोलवत नाही', 'जाववत नाही'. या दोन वाक्यांच्या मधे कितीतरी संसार मोडले आहेत. हे पुस्तक त्या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत बसून लिहिलेलं आहे.

पुस्तकात चौदा जणांचं लेखन आहे. आम्ही महिन्यातून दोन शनिवारी एका वाचनालयाच्या वरच्या खोलीत जमतो. कुणाला नैराश्य आहे, कुणाला चिंतेचा आजार, बऱ्याच जणांना दोन्ही, कारण हे दोघे बहुतेक वेळा जोडीनंच येतात. कुणी बरे होऊन वर्षं झाली आहेत, कुणी अजून मधेच आहे. लेखक म्हणावेत असे आमच्यात कुणी नाही. एक शिवणकाम करते, एक बँकेतून निवृत्त, एक एसटीवर ड्रायव्हर, एक इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षातून परत आलेला मुलगा. त्यांचं लेखन मी फक्त शुद्धलेखनापुरतं तपासलं. वाक्यं त्यांचीच ठेवली आहेत, अडखळलेली असली तरी. नावं मात्र सगळ्यांची गाळली आहेत.

आमच्या बैठकींत 'नैराश्य' हा शब्द पहिल्या वर्षभरात कुणी उच्चारल्याचं मला आठवत नाही. तो छापील शब्द आहे. माणसं म्हणतात, करमत नाही. कशात मन लागत नाही. जिवाची घालमेल होते. पोटात गोळा येतो. हातापायांतलं बळच गेलंय. जीव नकोसा झालाय. शिवणकाम करणाऱ्या बाईंनी पहिल्या दिवशी एवढंच सांगितलं होतं की त्यांना मशीनवर बसल्यावर रंग कळत नाहीत. लाल धागा लाल आहे हे दिसतं, पण लाल वाटत नाही. मी आजवर वाचलेल्या कुठल्याही व्याख्येपेक्षा मला ते वाक्य अचूक वाटतं.

मात्र त्यांच्या गावात त्यांच्याविषयी बोललं जात होतं ते वेगळंच. तिनं हाय खाल्ली. तिनं धसका घेतला. तिनं अंथरूण धरलं. आपल्या बोलण्यातले हे जुने वाक्प्रचार. मी स्वतः निबंधांत त्यांना मार्क दिले आहेत. पण त्यांतली क्रियापदं नीट पाहा. खाल्ली, घेतला, धरलं. सगळीकडे आजारी माणूस कर्ता आहे. जणू हाय ताटात वाढलेली होती आणि तिनं नको म्हणायला हवं होतं. उलट आजारी माणूस स्वतः बोलतो तेव्हा तो कर्तेपणातून बाहेर पडलेला असतो: मला सुचत नाही, मला रडू येतं, मला करवत नाही. 'मला करवत नाही' अशा रचनेला व्याकरणात भावे प्रयोग म्हणतात. त्यात क्रियापद कर्त्याकडे वळूनही बघत नाही. कर्ता बाई असो, पुरुष असो, एक असो, दहा असोत, ते आपलं एकाच रूपात उभं राहतं. कर्त्याची पकड सुटलेली असणं म्हणजे काय, हे आपल्या भाषेला शेकडो वर्षांपासून माहीत आहे. माहीत नसलंच तर आपल्यालाच.

आता आजाराविषयी थोडं, कारण अनुभव सांगताना आमच्यातले बरेच जण हे गृहीत धरून पुढे गेले आहेत.

दुःख प्रत्येकाला होतं. माणूस गेलं, नोकरी गेली, पीक गेलं तर मन खचतं, आणि ते खचणं निरोगी आहे. डॉक्टर आजार म्हणतात तो तेव्हा, जेव्हा मन उदास असणं किंवा कशातही गोडी न वाटणं यांतलं निदान एक तरी लक्षण किमान दोन आठवडे जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ टिकून राहतं आणि त्याच्या जोडीला इतर गोष्टी येतात: झोप उडणं किंवा नको इतकी येणं, भूक आणि वजन बदलणं, हालचाल मंदावणं किंवा एका जागी बसता न येणं, थकवा, लक्ष न लागणं, आपण कुचकामी आहोत आणि सगळ्याला आपणच जबाबदार आहोत ही टोचणी, मरणाचे विचार. सगळ्या मिळून अशा पाच खुणा भरल्या आणि रोजचं जगणं अडलं, तर हा आजार.

यातल्या दोन खुणांविषयी मला विस्तारानं सांगायचं आहे, कारण त्यांनीच माझ्या घरात सगळ्यांत जास्त गैरसमज केले. पहिली झोपेची. मला झोप लागायची, पण पहाटे साडेतीनला जाग यायची आणि मग उजाडेपर्यंत डोक्यात एकच जातं फिरत राहायचं. दुसरी अशी की सकाळ सर्वांत वाईट असायची आणि संध्याकाळी थोडं उघडायचं. पाच-सहा वाजता मी चहा करायचे, कधी दोन वाक्यं बोलायचे, एकदा तर नणंदेशी फोनवर हसलेही. हा या आजाराचा ओळखीचा स्वभाव आहे. तीव्र नैराश्यात पुष्कळांना सकाळी जड आणि दिवस उतरताना हलकं वाटतं. पण घरात त्याचा अर्थ काय लागला? संध्याकाळी तर चांगली असते. नेमकी कामाच्या वेळेलाच कशी हिला पडून राहावंसं वाटतं? तो प्रश्न मला कुणी तोंडावर विचारला नाही. पण जावेनं ताट ठेवताना जो आवाज केला, त्यात तो होता. तिचाही दोष नव्हता. तिला कुणी सांगितलेलंच नव्हतं.

मीही त्याच प्रश्नानं स्वतःला रोज मारत होते. तपासायच्या पेपरांचा गठ्ठा टेबलावर होता. एकेका पेपरला वीस मिनिटं लागायची, एरवी चार लागत. शेवटी मुलाचं उत्तर वाचून होईपर्यंत प्रश्न कोणता होता तेच विसरायला व्हायचं. मला वाटलं, मला विसरभोळेपणाचा रोग झाला. मग रक्ताच्या तपासण्या झाल्या, थायरॉईड, बी-12, हिमोग्लोबिन. (त्या करायलाच हव्यात, थायरॉईड मंदावलं किंवा बी-12 कमी झालं तरी माणूस असाच विझतो, आणि शाकाहारी घरांत बी-12 कमी असणं अगदी सर्रास आहे.) हृदयाची सोनोग्राफी झाली. एका पत्रिका बघणाऱ्यांकडेही जाऊन झालं. मानसोपचारतज्ज्ञाकडे पोचायला मला सात महिने लागले आणि पोचले तेव्हाही आम्ही शहरातल्या कुणी बघू नये म्हणून दुसऱ्या गावच्या दवाखान्यात गेलो होतो. मुलाचं लग्न व्हायचं होतं.

सात महिने म्हणजे फार नव्हेत, हे मला नंतर कळलं. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेनं 2015-16 मध्ये देशातल्या बारा राज्यांत मोठी पाहणी केली होती. महाराष्ट्र त्या बारांत नव्हता, पण चित्र ओळखीचं आहे. दर वीस माणसांत सुमारे एकाला आयुष्यात कधी ना कधी नैराश्याचा आजार झालेला आढळला, आणि ज्यांना तो त्या वेळी होता त्यांतल्या सुमारे 85 टक्के लोकांना उपचार मिळत नव्हते. साठ मुलांच्या वर्गात हा आकडा मांडून बघितला तेव्हा मला माझे जुने वर्ग आठवले. मागच्या बाकावर बसणारी, गृहपाठ न आणणारी, मी 'आळशी' म्हणून उभी केलेली काही मुलं. त्यांतली किती जण खरंच आळशी होती?

ज्या घरात आजारी माणूस आहे, तिथे हमखास कुणीतरी गीता घेऊन येतं. माझ्याकडे माझे थोरले दीर ज्ञानेश्वरी घेऊन आले. त्यांचा हेतू निर्मळ होता आणि मला ज्ञानेश्वरीचं प्रेम त्यांच्याहून जास्त. पण तेव्हा मला चार ओळी सलग वाचवत नव्हत्या. जन्मभर जी शिकवली ती ज्ञानेश्वरीही मला वाचवत नाही, म्हणजे मी कुणीच उरले नाही, एवढाच त्या पोथीचा परिणाम झाला. बरी झाल्यावर मी गीतेचा पहिला अध्याय पुन्हा काढला आणि या वेळी तो मी वेगळ्या डोळ्यांनी वाचला.

अर्जुन आपल्या शरीराचं वर्णन करतो. गात्रं गळतात, तोंडाला कोरड पडते, अंग कापतं, काटा येतो, धनुष्य हातून निसटतं, कातडी जळते, मन भिरभिरतं. आणि तो म्हणतो की त्याला उभं राहवत नाही. संस्कृतात तिथे शक्यतेचाच धातू आहे. उभा राहत नाही असं तो म्हणत नाही. दुसरं असं की या साऱ्या पहिल्या अध्यायात कृष्ण जवळजवळ गप्प आहे. जमलेल्या कौरवांकडे बघ, एवढं एकदा म्हणतो आणि मग ऐकतो. दुसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीला मात्र तो आपल्यापैकी कुणीही बोलेल तसंच बोलतो: हे तुला शोभत नाही, हा दुबळेपणा सोड आणि ऊठ. आणि त्याचा काही उपयोग होत नाही! अर्जुन आणखी बोलतो, मी लढणार नाही म्हणतो आणि गप्प होतो. खरं सांगणं सुरू होतं ते त्यानंतर. साक्षात श्रीकृष्णाचंही 'ऊठ' वाया गेलं, तर आपण घरोघरी ते कशाच्या भरवशावर म्हणतो?

अर्जुनाला नैराश्याचा आजार होता असं मी म्हणणार नाही. त्याच्यापुढे आप्तांना मारण्याचा प्रश्न होता आणि तो प्रश्न खरा होता. आजारातल्या माणसापुढे पुष्कळदा नळ बंद करण्याचा प्रश्न असतो.

त्या नळाकडे परत येते, कारण उपचारांतला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग तिथेच आहे. आपण सगळे समजतो की आधी मनाला उभारी येते, मग हातून काम होतं. म्हणून आजारी माणूस उभारीची वाट बघत पडून राहतो. जितका पडून राहतो तितकं त्याच्या वाट्याला येणारं सुख, लोकांचा सहवास, काही जमल्याचं समाधान आटत जातं आणि उभारी आणखी लांब जाते. हा फास उलट्या टोकानं सोडवायचा. मन तयार नसताना, पूर्वी जे बरं वाटायचं त्यातलं अगदी छोटं काही, ठरलेल्या वेळी करायचं आणि करण्याआधी आणि नंतर कसं वाटलं त्याची नोंद ठेवायची. माझी पहिली नोंद होती: सकाळी नऊ, पलंगावर उठून बसणे, पाच मिनिटं. दुसऱ्या आठवड्यात: तुळशीला पाणी. ऐकणाऱ्याला हे 'मन रमव' याच सल्ल्यासारखं वाटेल. फरक असा की 'मन रमव' म्हणणारा कर्तेपण पुरतं आहे असं धरून चालतो. इथे समुपदेशक ते संपलेलं आहे असं धरतो आणि उरलेल्या चिमूटभर बळात मावेल एवढीच क्रिया शोधतो.

ही पद्धत आपल्या शेजारी गोव्यात नीट पारखली गेली आहे, आणि ती हकिकत मला फार धीर देते. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1996 मध्ये गोव्यात 'संगथ' ही संस्था सुरू केली. देशात मानसोपचारतज्ज्ञ मोजके, तेही शहरांत. मग खेड्यातल्या माणसाशी बोलायचं कुणी? त्यांनी असे स्थानिक लोक निवडले ज्यांनी मानसशास्त्राचं काही शिक्षण घेतलेलं नव्हतं, त्यांना शिकवून तयार केलं आणि दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या तीव्र आजाराच्या 495 रुग्णांबरोबर हे काम करून पाहिलं. आठवड्याला एक अशा सहा ते आठ भेटी. तीन महिन्यांनी पाहिलं तर अशा भेटी मिळालेल्यांपैकी 64 टक्के लोक आजारातून बाहेर आलेले होते. न मिळालेल्यांत 39 टक्के. 2016 च्या अखेरीस हे 'द लॅन्सेट'मध्ये छापून आलं. डॉक्टर नसलेल्या, आपल्याच भाषेत बोलणाऱ्या माणसांनी हे केलं. आमच्या गटातल्या दोघींनी यानंतर समुपदेशनाचं शिक्षण घ्यायचं ठरवलं आणि घेतलं.

चिंतेच्या आजाराची गोष्ट आमच्या ड्रायव्हर मित्रानं पुस्तकात इतकी चांगली सांगितली आहे की मी फक्त दार उघडून बाजूला होते. साताऱ्याहून पुण्याला जाताना खंबाटकीचा बोगदा लागतो. तिथे एका रात्री त्याची छाती धडधडू लागली, श्वास पुरेना, ओठांना आणि बोटांना मुंग्या आल्या, आणि आता आपण मरणार अशी खात्रीच झाली. अंगात जे झालं ते असं: धोका दिसल्यावर पळण्यासाठी किंवा लढण्यासाठी शरीर सज्ज होतं, अॅड्रेनॅलिन सुटतं, हृदय वेगानं पळतं. धोका नसताना हीच घंटा वाजली की माणूस भरभर श्वास घेतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि त्यानं मुंग्या येतात, गरगरतं. मग 'हार्ट अटॅक' हा विचार येतो, घंटा आणखी मोठ्यानं वाजते. हा झटका बहुधा दहा मिनिटांच्या आत शिगेला पोचतो आणि उतरतो. जीव घेत नाही. पण हे सांगेपर्यंत आमच्या मित्राचे तीन ईसीजी झाले होते, आणि तीनही वेळा 'काही नाही, टेन्शन घेऊ नका' एवढं ऐकून तो घरी आला होता. (छातीत पहिल्यांदा असं झालं तर ईसीजी काढायलाच हवा, हे इथे ठळक सांगते.)

त्यानं आधी गाडी चालवणं थांबवलं, ते बरोबरच केलं. पण मग बोगदा टाळला, मग पुणं टाळलं, मग गर्दी, मग मंडई. प्रत्येक टाळण्यानं त्याला तासाभराचा आराम मिळाला आणि भीतीला एक खोली जास्त मिळाली. शेवटी घर तेवढं उरलं. परतीचा रस्ताही तसाच एकेक खोलीचा होता: डेपोत उभ्या गाडीत नुसतं बसणं, मग बायकोबरोबर प्रवासी म्हणून जवळच्या गावापर्यंत, मग बोगद्यातून मागच्या सीटवर. चाकावर तो दीड वर्षानं बसला. त्याच्या लेखात बोगद्याच्या पलीकडे उजेड दिसल्याचं वाक्य येतं तेव्हा ते सजावटीचं नाही, एवढं वाचताना लक्षात असू द्यावं.

त्याच्या आईचं एक बोलणं मी विसरत नाही. ती रोज म्हणायची, "बाळा, काळजी करू नको, काळजी घे." आपल्याकडे शब्द एकच आहे. क्रियापद बदललं की आजाराचं नाव औषधाचं होतं.

गोळ्यांविषयी आमच्या बैठकींत जितकं बोलणं होतं तितकं दुसऱ्या कशावरच होत नाही. नैराश्यावरच्या पहिल्या औषधांतलं एक तर क्षयाच्या उपचारांतून हाती लागलं: 1952 च्या सुमारास न्यूयॉर्कच्या स्टॅटन बेटावरच्या क्षयरुग्णालयात आयप्रोनियाझिड दिलेले रुग्ण विलक्षण उल्हसित दिसू लागले. तेव्हापासून औषधं खूप सुधारली. आज जी सर्रास दिली जातात, त्यांना परिणाम दाखवायला दोन ते चार आठवडे, कधी अधिक लागतात. पहिल्या काही दिवसांत मात्र मळमळ, डोकेदुखी, अस्वस्थपणा असा त्रासच आधी जाणवू शकतो, आणि नेमक्या त्या आठवड्यात निम्मे लोक गोळ्या सोडतात असं माझं आमच्या गटापुरतं निरीक्षण आहे. सवय लागेल ही भीती सगळ्यांना असते. नैराश्यावरच्या या गोळ्यांची नशेसारखी ओढ लागत नाही, पण एकदम बंद केल्या तर त्रास होतो, म्हणून त्या हळूहळू उतरवायच्या असतात. सवय लागते ती अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या आणि शांत करणाऱ्या गोळ्यांची, ज्या थोड्या दिवसांसाठी दिलेल्या असतात आणि लोक जुन्या चिठ्ठीवर वर्षानुवर्षं घेत राहतात. आपल्या लोकांची भीती चुकीच्या गोळीला चिकटली आहे.

मी स्वतः चौथ्या महिन्यात गोळ्या बंद केल्या. बरं वाटत होतं, नवरात्र होतं, आणि मला वाटलं, आता गोळी म्हणजे देवीवरचा अविश्वास. संक्रांतीपर्यंत मी पुन्हा भिंतीकडे तोंड करून होते, आणि ही दुसरी वेळ पहिलीपेक्षा काळी होती, कारण आता मला रस्ता माहीत होता. बरं वाटायला लागल्यावरही सहसा सहा महिने किंवा जास्त काळ औषध चालू ठेवायचं असतं. डॉक्टरांनी ते सांगितलंही होतं. माझ्या कानावर पडलं होतं, मी ऐकलं नव्हतं.

मरणाच्या विचारांवर तीन जणांनी लिहिलं आहे. ते लेख छापावेत का, यावर आम्ही खूप वाद घातला. छापले, पण कसं, कुठे, कशानं हे तपशील मी सगळीकडून काढून टाकले. त्या तिघांनीही एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत लिहिली आहे: कुणीतरी सरळ विचारायला हवं होतं. 'जीव द्यावासा वाटतो का तुला?' असं विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. असेल तर बाहेर यायला वाट मिळते. विचारा आणि मग तिथेच बसा. त्या माणसाला एकटं सोडू नका आणि डॉक्टरांकडे न्या. 14416 हा सरकारच्या टेलिमानस सेवेचा क्रमांक 2022 पासून चालू आहे. फोन रात्रीही उचलला जातो आणि मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची बाह्यरुग्ण सेवा असते. 29 मे 2018 पासून लागू झालेला मानसिक आरोग्य सेवा कायदा असं मानतो की जीव द्यायचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता. त्याला शिक्षा न करता त्याची काळजी घेणं ही सरकारची जबाबदारी आहे. पोलीस केस होईल म्हणून दवाखान्यात न नेणाऱ्या घरांनी हे वाचावं.

आमच्यात विदर्भातून इकडे आलेल्या एक ताई आहेत. त्यांचा नवरा शेतकरी होता. त्यांच्या लेखाविषयी एक सांगायला हवं. शेतकऱ्याच्या मरणाला 'मानसिक आजार' म्हटलं की कर्ज, भाव, पाणी या गोष्टींवरून नजर हटते, असा आक्षेप आमच्याच बैठकीत आला आणि तो रास्त आहे. पण ताईंचं उत्तरही ऐका: कर्ज होतंच, पण कर्ज शेजाऱ्यालाही होतं; शेवटचे चार महिने ह्यांना झोप नव्हती आणि मी रोज देवाला सांगत होते, कारण दुसरं सांगायला कुणी नव्हतं. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत 'विश्राम' नावाचा उपक्रम झाला. तिथे गावातल्याच कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन या आजाराविषयी बोलायला सुरुवात केली, तेव्हा नैराश्य असलेल्यांपैकी मदतीपर्यंत पोचणाऱ्यांचं प्रमाण 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेलं. भाव मिळायलाच हवा. सांगायला कुणीतरीही हवं. एकासाठी दुसरं थांबवायचं कारण नाही.

पुस्तकाची रचना ठरवताना आम्ही बरे झालेल्यांचे लेख शेवटी ठेवायचे की नाही यावर बोललो, आणि ठेवले नाहीत. ते मधे मधे विखुरले आहेत, जसे ते आमच्या खोलीत बसतात. दहाव्या लेखाची लेखिका अजून आजारी आहे. तिनं वर्षभरात चारच ओळी दिल्या. त्या पूर्ण पानावर एकट्या छापल्या आहेत. ज्यांना एका वेळी चारच ओळी वाचवतील त्यांनी तिथून सुरुवात करावी. घरच्यांनी मात्र ड्रायव्हरच्या बायकोचा लेख आधी वाचावा. तिनं दीड वर्ष काय काय केलं याहून तिनं काय काय केलं नाही, ते त्यात आहे.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'कासव' आम्ही सगळ्यांनी एकत्र पाहिला होता, राष्ट्रीय पुरस्कारात सुवर्णकमळ मिळालेला तो चित्रपट. त्यात एका खचलेल्या मुलाला कोकणातल्या एका घरात नुसतं राहू दिलं जातं. त्याला फारसं काही विचारत नाहीत. चित्रपट संपल्यावर आमच्या खोलीत बराच वेळ कुणी दिवा लावला नाही. मग इंजिनिअरिंगचा मुलगा म्हणाला, "बाई, मी लिहीन." तोवर तो कधीच बोलला नव्हता. पुस्तकाची सुरुवात ती.

ही प्रस्तावना फेब्रुवारीत द्यायची होती. फेब्रुवारीत माझी पुन्हा थोडी घसरण झाली. डॉक्टरांनी गोळीचं प्रमाण वाढवलं, मी तुळशीच्या पाण्यापासून परत सुरुवात केली आणि हे पान तीन महिने अर्धंच राहिलं. एका सकाळी प्रकाशकांचा फोन आला. मी आतल्या खोलीत होते. हे बाहेर बोलत होते, हळू आवाजात, पण मला ऐकू आलं.

"नाही हो, विसरलेली नाही. तिला अजून लिहवत नाहीये. थोडं थांबाल का?"